खिडकीजवळचं टेबल

कापड रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. गिऱ्हाइकाचा तुकडा आणि नुकतं रंगवलेलं कापड खिडकीशी धरायची आणि सांगायची, पिवळा किंचित चढलाय, उतरवा. तिने मान डोलावल्याशिवाय एक गठ्ठा बाहेर पडत नसे. रंग मोजायचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात होतं. आमची बाई आहे ना, असं मालकच पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

मग बाईला दिवस गेले. तिचं पोट दिसायला लागलं आणि मालकाचं दुखायला लागलं. बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी लागणार ना! मुकादमाने तिचं टेबल खिडकीपासून उचलून मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली नेऊन टाकलं. तुमच्याच सोयीसाठी, म्हणे. ट्यूबच्या उजेडात रंग जुळवायचा नसतो, हे त्या कारखान्यात झाडूवालीलासुद्धा माहीत होतं. तिने खिडकी परत मागितली, हातापाया पडली. व्हायचं तेच झालं. चुकीच्या रंगाचे गठ्ठे परत आले आणि मालकाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की गरोदरपणात बाईची नजर बिघडली. त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

तिने दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या, तोवर मुलगी चालायला लागली. नवऱ्याचं काम सुटलेलं. सासू दुखऱ्या गुडघ्यांनी लोकांची धुणीभांडी करत होती, आणि तोंडातून ब्र काढत नव्हती. तेच तिला जास्त लागायचं.

अशात मालकाने तडजोडीचा निरोप धाडला. वकीलबाईंनी नीट समजावलं. पैसे बरे मिळतील, पण नोकरी आपणहून सोडली असं लिहून द्यायचं आणि झाल्या प्रकाराबद्दल कुठेही अवाक्षर काढायचं नाही.

मालकासमोर बसल्यावर ती म्हणाली, "पैसे कमी द्या. माझ्या नजरेत खोट नव्हती, एवढं एक वाक्य लिहा."

"ते सोडून बोला," मालक म्हणाला. आवाज अगदी मऊ. मेल्याला लाज कशी ती नाही!

तिला सासूचे गुडघे आठवले. तिने सही केली.

पैशांनी घर सावरलं, सासूची कामं सुटली. मग ती दुसऱ्या कारखान्यात काम मागायला गेली. तिथल्या म्हाताऱ्या रंगमास्तरांनी दोन तुकडे पुढे केले. ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, उजव्यात हिरवट झाक आहे. मास्तर खूश झाले.

"तिथलं का सोडलंत पण? बाळंतपणात नजर गेली असं कानावर आलं."

सगळं अगदी जिभेवर आलं होतं. ते ट्यूबचं टेबल, ती खोली, सगळं.

"आपणहून सोडलं," ती म्हणाली.

मास्तरांनी तेच दोन तुकडे स्वतः उचलून पुन्हा पाहिले, शेजारच्या माणसालाही दाखवले. कळवतो, म्हणाले. कळवलं नाही.

पुढे एकदा ती धुतलेले कपडे आवरत होती. मुलीचे दोन मोजे हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली, ती बराच वेळ हलेना. सासूने विचारलं, काय झालं गं?

"आई," ती म्हणाली, "हे दोन्ही एकाच रंगाचे आहेत ना?"