मांगरातली जर्मन गाडी

रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या वाटेवर फणसळकरांची हापूसची बाग आहे आणि बागेच्या कडेला एक मांगर. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, आत शेणानं सारवलेली जमीन. या मांगरात वासंतीकाकू बावीस वर्षं आंब्याची अढी घालत आल्या. अढी घालणं म्हणजे पेंढ्यावर आंबे मांडून ठेवणं, एवढंच ज्याला वाटतं त्यानं एकदा घालून बघावी. कुठला आंबा वरच्या थरात जायचा, कुठला खालच्या, कुठल्या दिवशी त्याची कूस पालटायची, हे सगळं बोटांनी चाचपून ठरवायचं. हंगामात चीक लागून काकूंची बोटं काळी पडत, सालपटं निघत. पण त्यांच्या अढीतल्या पेट्या पुण्यातल्या ठरलेल्या घरांत जात आणि पेटीवर 'वासंती' असं नाव असे. बाग सासऱ्यांच्या नावावर होती, घर नवऱ्याच्या. मांगर तेवढा काकूंचा.

मांगरात एक धामणही राहायची. काकूंना सापांची आवड होती अशातला भाग नाही, पण धामण उंदीर खाते आणि उंदीर आंबे खातो, एवढा हिशोब त्यांना पुरेसा होता. दरवर्षी अढी घालण्याआधी त्या दारात उभ्या राहून दोनदा टाळी वाजवत, आतलं जनावर सरसरत कोपऱ्यात जाई, मग काकू कामाला लागत. या दोघींचं बरं चाललं होतं.

दोन हजार तीनच्या दिवाळीत काकूंच्या यजमानांनी, परशुरामकाकांनी, गाडी आणली. काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सत्तावीस वर्षं साहेब गाडीतून उतरताना फायली घेऊन उभं राहण्यात गेली. रस्त्याला लागून असलेला कातळाचा तुकडा विकला गेला आणि काकांच्या अंगात साहेब संचारला. मुंबईच्या कुठल्याशा शेठजीनं नऊ वर्षं वापरून टाकलेली काळी जर्मन गाडी त्यांनी घेतली. ओल्ड इज गोल्ड, म्हणाले. गाडी बुटकी, आमची वाट खडबडीत. आणताना पोट तीन ठिकाणी जांभ्यावर घासलं. दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधून ती आत येईना, तेव्हा काकांनी वडिलांनी रचलेला गडगा दोन हात पाडला. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते मोल दुसऱ्यानं भरायचं असतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या दिवशी काकू ओवाळायला आल्या. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि साहजिकच आत बसायला निघाल्या. काकांनी हात आडवा केला.

"थांब गो जरा. सीट चामड्याची आहे, फिक्या रंगाची. तुझ्या हातांचं काय सांगावं?"

आणि त्यांनी आतून कालचा पेपर आणून सीटवर पसरला. दिवाळीत कुठला आलाय आंब्याचा चीक! कार्तिकात काकूंचे हात इतर कुणाच्याही हातांइतकेच स्वच्छ असतात. बघायला आलेली शेजारपाजारची मंडळी उभी होती. काकू पेपरवर बसल्या, गाडी आवारातच एक फेरी मारून आली, पेपर कुरकुरत राहिला. उतरल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर त्या गाडीत त्या कधी बसल्या नाहीत आणि काकांनीही 'बस' म्हटलं नाही.

गाडी बाहेर ठेवायची सोय नव्हती. नारळ पडेल, खारं वारं लागेल, पत्रा गंजेल. मग राहिला मांगर.

"आणि माझी अढी?" काकूंनी विचारलं.

"पडवीत घाल. एक वर्ष काय बिघडतंय?"

कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी. त्यावर कडी म्हणजे तिसऱ्या दिवशी काकांनी गाडीच्या चाकाजवळ धामण बघितली. इंजिनात शिरली तर काय घ्या! त्यांनी रघूला बोलावलं. रघू त्यांच्याकडे वीस वर्षं बागेचं काम करणारा माणूस. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"काका, जनावार जुना हाय. कोनाला काय करीत न्हाय. त्येला घालवलाव तर उंदीर माजतील."

"उंदरांना गाडी चालवता येते काय रे?" काका स्वतःच्याच विनोदावर हसले.

शेवटी रघूनं पोत्यात धामण धरली आणि पार ओढ्यापलीकडे सोडून आला. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. रघू परत येताना त्यांच्याकडे बघेना. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे लोक ऐकून माहीत होते. काकूंना ते घरातच बघायला मिळाले.

वैशाखात अढी पडवीत घातली. पडवी पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन भिंतीवरून सरकत पेंढ्यापर्यंत येई. काकूंनी गोणपाटं बांधली, दिवसातून चारदा आंबे हलवले, तरी अर्धे एका बाजूनं पिकले आणि एका बाजूनं कच्चे राहिले. उरलेल्यांवर उंदरांनी ताव मारला. नेमके चांगले आंबे निवडून! पुण्याच्या लिमयेबाई बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांचं कार्ड आलं: 'यंदा पेटी तुमच्या हातची वाटली नाही. प्रकृती बरी आहे ना?' काकूंनी ते कार्ड काकांच्या ताटाशेजारी ठेवलं. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "बघ, किती काळजी करतात." रागानं काकूंना दिवसभर जेवण गेलं नाही. प्रकृती बरी होती हो! मांगर नव्हता.

पाऊस लागला आणि बागेतले उंदीर कोरड्या जागी आले. मांगरासारखी कोरडी जागा कुठली, आणि आता तर तिथं कोणी राखणदारही नव्हतं. गणपतीला देवरूखला पुतण्याकडे गाडीनं जायचं काकांनी दोन महिने आधी जाहीर केलं होतं. नवा सदरा घालून ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. तासभर खटपट केली आणि मग सदऱ्याची घडी करून एसटीनं गेले.

परतल्यावर दादूला बोलावलं. दादू मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो, जिपाही करतो. त्यानं बॉनेट उघडलं, आत टॉर्चचा उजेड टाकला, बराच वेळ वाकून बघितलं आणि मूठभर वायरींचे तुकडे काढून काकांच्या हातात ठेवले. इंजिनाच्या वर पेंढ्याचं घरटं होतं, त्यात पाच गुलाबी पिल्लं.

"उंदरांनी जेवण केलंय काका. ही साधी वायर नाय, सगळा कॉम्प्युटर हाय हा. पार्ट जर्मनीवरना येनार."

"मग ढकलून बाहेर तरी काढू," काकू म्हणाल्या.

"नाय होनार वैनी. हिला गिअर आपोआपचा. करंटच नाय, तर गिअर सुटत नाय. चाकं लॉक. उचलूनच न्यायला पायजे, आनि उचलायची गाडी ह्या वाटेत शिरत नाय."

काका त्या वायरींच्या तुकड्यांकडे बघत राहिले. काकूंना वाटलं, आता तरी हा माणूस धामणीचं नाव काढील. काकांनी पार्टसाठी मुंबईला पत्र लिहायला कागद मागितला.

मुंबईची उत्तरं येत राहिली. कधी पार्ट बोटीवर होता, कधी त्या सालचा पार्ट निघतच नव्हता. काका रोज सकाळी मऊ फडक्यानं गाडी पुसत. न चालणारी गाडी एवढी चकचकीत उभ्या रत्नागिरीत दुसरी नसेल. काकूंना त्यांची कीव यायची नाही असं नाही. सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीजवळ उभं राहिलेला माणूस आता स्वतःच्या गाडीजवळ उभा होता, एवढाच काय तो फरक. पण कीव आली की मागोमाग तो पेपर आठवे आणि तळपायाची आग मस्तकाला जाई.

मार्गशीर्षात मांगर झाडताना रघूला गाडीखाली कात सापडली. अख्खी, पुरुषभर लांब. त्यानं ती काठीवर धरून काकूंना दाखवली.

"वैनी, आपली बाय परत इली."

काकूंनी कात हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "काकांना सांगू नको. आणि मांगराचं दार लावू नको."

फाल्गुनापर्यंत मांगरात उंदराची लेंडी दिसेनाशी झाली. आणि दोन हजार पाचच्या चैत्रात पहिला तोडा उतरला, तेव्हा आंब्यांचे क्रेट घेऊन रघू सवयीनं पडवीकडे वळला. काकूंनी त्याला हाक मारली.

"तिकडे नाही. मांगरात आण."

"वैनी, जागा खय हाय? गाडी हाय ना."

"गाडीतच."

गाडीच्या भोवती चालायपुरती जागा, मधोमध ती. काकूंनी दारात उभ्या राहून दोनदा टाळी वाजवली. गाडीखाली काहीतरी सरसरलं आणि थांबलं. मग त्यांनी गाडीची चारही दारं सताड उघडली. आवाज ऐकून काका धावत आले. दारातच थबकले. रघू पेंढ्याचे भारे आत आणत होता आणि काकू मागच्या सीटवर पेपर पसरत होत्या. नीट, कडेला कड लावून, चुण्या काढून.

काकांचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाले, "पेपर घातलास ते बरं केलंस गो. सीटला चीक लागायचा नाही."

काकू वळल्या. दोन्ही हातांची चीक लागलेली काळी बोटं त्यांनी त्या फिक्या चामड्यावर, पेपराच्या बाहेर, सावकाश पुसली.

"सीटसाठी नाही घातला," त्या म्हणाल्या. "तुमच्या सीटचा वास माझ्या आंब्याला लागू नये म्हणून घातलाय. पुढच्या सीटला कमी पडतील, घरातून आणखी आणा."

काका घरात गेले आणि आठवड्याभराचे पेपर घेऊन आले.