सिलोनचा रुपया मोठा की नेपाळचा

त्या वर्षी आम्ही राहुरीला होतो. हे शेतकी महाविद्यालयात शिकवायचे. मुळा नदीच्या पाण्यावरची शेती पाहायला दोन तरुण अधिकारी काही महिन्यांसाठी आले होते, एक नेपाळचा आणि एक सिलोनचा. सिलोनचं नाव तेव्हा नुकतंच श्रीलंका झालं होतं, पण आमच्या तोंडी सिलोनच बसलेलं, आणि त्याच्याही. खाणावळीतली आमटी त्या दोघांना मानवेना, म्हणून ह्यांनी परस्पर त्यांना आमच्याकडे जेवायला सांगून टाकलं. मला कळलं तेव्हा दोघं दारात चपला काढत होते.

माणसं मात्र गोड होती. नेपाळी हिंदी बोलायचा आणि मला भाभी म्हणायचा. सिलोनी इंग्रजी बोलायचा. भाभी हा शब्द त्याने मित्राकडून उचलला आणि काही दिवस ह्यांनाही भाभी म्हणून हाक मारली. हेही ओ देत.

एकदा जेवताना पैशांवरून बोलणं निघालं. दोघांच्याही देशात चलन रुपयाच.

"आमचा रुपया मोठा," नेपाळी म्हणाला.

सिलोनीने हातातला घास ताटात ठेवला. "आमचा मोठा."

"आमच्या नोटेवर राजा आहे."

"आमच्याकडे चहा आहे."

ह्यांच्यातला मास्तर जागा झाला. "सोपं आहे. अंड्याला तुमच्याकडे काय पडतं ते सांगा, लगेच हिशेब निघेल." पण नेपाळी म्हणाला, डोंगरातली अंडी लहान असतात, तेवढी सूट द्या. सिलोनी म्हणाला, आमच्या कोंबड्या खोबरं खातात, ते धरा. मग हे केस कापण्याच्या भावावर आले. त्यात नेपाळ्याचं डोकं तासलेलं आणि सिलोन्याचे केस कानांवर आलेले. दोघांचं एकच माप लावायचं कसं, यावर भात गार झाला. शेवटी पैज ठरली. ज्याचा रुपया लहान निघेल त्याने कॉलनीच्या गणपतीपुढे मराठी गाणं म्हणायचं.

पैज शेजारी पोचायला वेळ लागला नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून एक निवृत्त सुभेदार राहायचे. ते थेट अंगणात येऊन म्हणाले, "गुरख्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलोय मी. त्यांचा रुपया ल्हान? काय बोलताय वैनी!" त्यांच्या मागून त्यांची बायको आली. "रेडिओला सिलोनवरनं येवडी गानी लागत्यात. रुपया मोठा असल्याबिगर का?" त्यावरून त्या घरात अबोला सुरू झाला. सुभेदार चहा मागायला आमच्याकडे येऊ लागले.

हे दोघा पाहुण्यांना घेऊन गावातल्या बँकेत गेले. तिथले साहेब फार अदबीने म्हणाले, "आमच्याकडे फाटक्या नोटा बदलून मिळतात."

मग ह्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावायचा ठरवलं. ह्यांचा चुलतभाऊ तिकडे मोठ्या बँकेत होता. पोस्टात आम्ही सगळेच गेलो, सुभेदार आणि त्यांची बायकोसुद्धा, पण दोघं वेगवेगळ्या बाकांवर. बऱ्याच वेळाने फोन लागला. सगळं पोस्ट दणाणेल असे हे ओरडले, "हॅलो! मी राहुरीहून बोलतोय!"

तिकडून आवाज आला, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही रे! सिलोनचा रुपया मोठा का नेपाळचा?"

"काकू गेल्या?"

त्या बिचाऱ्याने रडायलाच सुरुवात केली. त्याची समजूत घालण्यात निम्मा कॉल संपला. मग तो कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, सिलोनचा मोठा. पण या दोघांचा थेट भाव कुणी ठेवत नाही, मधे पौंड घालून काढावा लागतो. त्यापुढे तो आणखी काहीतरी म्हणाला. ते ह्यांनी मला कधीच सांगितलं नाही, नुसते कानापर्यंत लाल झाले.

पोस्टातल्या लोकांनी "सिलोन" आणि "रुपया" एवढंच ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ह्यांना सिलोनला मोठ्या पगाराची नोकरी लागलेली होती. दूधवाला दारात येऊन विचारू लागला, "वैनी, तकडं दूध कोन घालनार तुमाला?" सुभेदारांच्या बायकोने आमच्या रेडिओवर हात ठेवला. "ह्यो आमाला द्या. तितं काय, नुसतं दारात हुबं ऱ्हायलं तरी आयकू येत आसंल."

गणपती बसले. नेपाळ्याला गाणं शिकवायचं माझ्याकडे आलं. त्याला काही केल्या पाठ होईना. शेवटी त्यानेच सांगितलं की एक गाणं येतं; मी माझ्या लेकीला झोपवताना म्हणते ते, रोज जेवताना ऐकून पाठ झालेलं. मी कपाळाला हात लावला, पण दुसरा इलाज नव्हता.

तो मांडवात ताठ उभा राहिला आणि छाती काढून त्याने अंगाईगीत म्हटलं. जणू परेडच्या मैदानावर! सुभेदारांना राहवेना. त्यांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. पुढे बसलेली पोरं उठली आणि डावा-उजवा करत मांडवभर फिरू लागली. अख्ख्या मांडवात झोपली ती एकटी माझी लेक.

टाळ्या थांबेनात. "वन्स मोअर" झालं, आणखी एकदा झालं. इतका वेळ सिलोनी माझ्या शेजारी चुळबुळ करत होता. पैज जिंकल्यामुळे आपल्याला गाता येणार नाही, हे त्याच्या आता लक्षात आलं होतं. तो एकदम उठला, स्टेजवर चढला, मित्राच्या हातातून माईक ओढला आणि तेच गाणं त्याने स्वतःच्या चालीवर सुरू केलं. मित्र माईक सोडेना. मग दोघांनी मिळून म्हटलं, दोन चालींत, आणि कुणीही दुसऱ्यासाठी थांबलं नाही. आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं गोळा झाली. आरतीला उशीर झाला, खिरापत पुरली नाही, आणि सुभेदारांच्या बायकोने आपल्या वाटणीचं खोबरं मोडून अर्धं नवऱ्याच्या हातावर ठेवलं.