सारजाबाईची मेणबत्ती

सारजाबाई आमच्या दौंडातली सुईण. माहेर खुटबावचं. कपाळावर खंडोबाचा भंडारा, गालात तंबाखू, आन् तोंड आसं फाटकं की बाळंतीण कळा इसरून हसायची. रेल्वेच्या चाळीतली निम्मी पोरं तिच्याच हातची. आमी ख्रिस्ती, पर चुलीपाशी येऊन बसायला तिला कवा बोलवावं लागलं न्हाई.

चर्चमध्ये धर्म शिकवणाऱ्या कोंडिबा मास्तरांनी तिला एक काम शिकवून ठेवलं व्हतं. मूल दगावतंय आसं दिसलं तर डोक्यावर पाणी घालायचं आन् बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. पुण्याहून फादर येईस्तोवर लेकरू थांबतंय व्हय? अशा टायमाला कुणीबी केलं तरी चालतं. बाई भांडी घासताना ते शब्द घोकायची. म्हणायची, "चुकलं तर लेकरू मधीच लटकंल की गं!"

चौऱ्याहत्तर साली माझीच पोर निळी जन्मली. मी शुद्धीवर नव्हते. सारजाबाईनं पाणी घातलं, शब्द म्हटले, आन् पोर तिच्या मांडीवरच गेली.

पुढं सारजाबाईबी गेली. भीमेच्या काठी तिला जाळली. मी मास्तरांना इचारलं, "ती सोर्गात जाईल ना?"

"साखरबाई, तिचा बाप्तिस्मा न्हाई. कसं सांगू?"

माझ्या जिवाला घोर लागला.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडायला आले. पोरीच्या कबरीवर मी दोन मेणबत्त्या लावल्या.

"दुसरी कुणाची?" मास्तरांनी इचारलं.

"सारजाबाईची."

"आगं, इथं तसं चालत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "तिच्या हातानं माझी पोर सोर्गात गेली, हे तुमीच सांगितलं. मंग हात आत आन् बाई भाईर व्हय?"

फादर थांबले. सगळं ऐकून म्हणाले, "जे खरं वाटलं त्याला धरून ती चालली. अशा माणसाला देव तारू शकतो, हे आपलं चर्चच सांगतं. मास्तर, असू द्या मेणबत्ती."

"तारू शकतो म्हंजी? तारतो का न्हाई?"

"ते देवाच्या हातात. मी आशा धरतो."

मला आशा पुरत नव्हती. मला रडूच फुटलं. "फादर, माझ्या पोरीनं या जगात एकच तोंड बघितलं. माझं न्हाई, तिचं. ती तिथं नसली तर माझी पोर वळखणार कुणाला?"

वाऱ्यानं सारजाबाईची मेणबत्ती इझली. मास्तर खाली बसले, खिशातून काडेपेटी काढली, मेणबत्ती लावली आन् हाताचा आडोसा धरला. फादर पुढच्या कबरीवर गेले, तरी मास्तर उठले न्हाईत.