साळवेताईंचं मत आणि माझा पक्का रंग

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! साळवेताई समोरून आल्या की अजूनही मी छत्री आडवी धरतो. ऊन नसलं तरी!

गोष्ट नव्वदीतली, बदलापूरची. मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर. पेपरात वाचलं, पृथ्वी तापत चाललीय, पुढे पावसाचा भरवसा नाही. म्हटलं, पृथ्वीचं नंतर, आधी आपले नगरसेवक बघू! नगरपालिकेच्या सभेत झाडांवर, धुरावर कोण काय बोलतो, कोण कुठे हात वर करतो, सगळं वहीत टिपायचं आणि शिरगावातल्या आमच्या कॉलनीच्या फाटकावर लिहायचं.

बायको म्हणाली, "घरात मी काय बोलले ते तुम्हाला आठवत नाही, सभेतलं काय टिपणार?"

मी ऐकतो होय! उल्हासनगरला जाऊन पत्र्याचा बोर्ड आणला. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, रंग कच्चा दूँ के पक्का?"

"एकदम पक्का! पुढाऱ्यांना पुसता नाही आला पाहिजे."

पहिल्याच सभेत मोठा विषय. रस्ता रुंद करायला अकरा झाडं तोडायचा ठराव! मी पहाटे चारला उठून पहिली पाळी करून आलेलो. वर पंखा, समोर भाषण. काय होणार? डोळा लागला.

जाग आली तेव्हा हात वर होते. मोजले, सात! त्यात साळवेताईंचा सगळ्यात उंच. या आमच्याच वॉर्डाच्या नगरसेविका, शाळेत शिकवणाऱ्या, शांत बाई. मला धक्काच बसला. तोडायला सात? म्हणजे ठराव पास! निकाल ऐकायलाही थांबलो नाही, तडक घरी.

संध्याकाळी बोर्ड झळकला: 'या सात जणांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली!' खाली नावं. साळवेताईंचं सगळ्यात मोठं. आपल्या वॉर्डाच्या ना!

रविवारी वीस बायका आणि पुढे मी, मोर्चा थेट ताईंच्या दारात. "साळवेताई, जवाब दो!"

ताई बाहेर आल्या. हाताला पीठ, डोळे सुजलेले.

"काका, त्या ठरावाला मी विरोध केला. सातही हात विरोधातले होते. ठराव पडला, झाडं वाचली."

मागच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"पण... मी डोळ्यांनी पाहिलं..."

"आधी बाजूचे हात मोजले, मग विरोधातले. आठवडाभर एकेकाच्या घरी जाऊन मी ही मतं जमवली हो. तुमचा बोर्ड वाचून माझ्या सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. पोरीला शाळेत मुलं 'कुऱ्हाडवाली' म्हणतात."

जमीन दुभंगावी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी हात जोडले. "ताई, चुकलो. आत्ता पुसतो."

पण पुसतो कसला? रंग पक्का ना! दुपारभर मी रॉकेल आणि चिंध्या घेऊन फाटकावर. जाणारा येणारा विचारतो, "काय काका, कुऱ्हाड चालवताय का?" सगळी नावं गेली, साळवेताईंचं तेवढं जाईना. शेवटी पत्राच उतरवला आणि सासूबाईंचे पाय धरायला पुन्हा त्यांच्या घरी गेलो.

म्हातारीनं माफ केलं. ताईंनी चहासुद्धा दिला. मला आणखीच मेल्यासारखं झालं.

"ताई, पुन्हा अशी चूक होणार नाही. एकेक मत नीट टिपेन."

"मग हेही टिपा," म्हणत त्यांनी सभेचं इतिवृत्त माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचायला लागलो:

"झाडे तोडण्याच्या बाजूने पाच सदस्यांनी हात वर केले. प्रेक्षकांत झोपलेल्या एका गृहस्थांनीही हात वर केला. तो मोजण्यात आला नाही."