जीपमधलं गाऱ्हाणं

शेजाऱ्यांच्या नव्या गाडीच्या चाकाखाली आज लिंबू चिरडलं. त्याचा वास ओटीवर आला आणि मला ऐंशीच्या दशकातली आमची जुनी जीप आठवली. ह्यांनी ती घेतली, मी शिकायला बसले आणि पहिल्याच आठवड्यात वळणावरच्या कुंपणाच्या गडग्यावर, चिऱ्याच्या बुटक्या भिंतीवर, आदळले. नंतर महिनाभर मी किल्लीला हात लावला नाही.

एका सकाळी माझे सासरे, म्हणजे मामा, धोतर सावरत जीपमध्ये येऊन बसले. मामांना स्वतःला गाडी येत नव्हती. म्हणाले, "तू चालव गो. मी गाऱ्हाणा घालतंय, तू व्हय म्हण."

आमच्याकडे देवळात देवापुढे मागणं मांडलं, म्हणजे गाऱ्हाणं घातलं, की प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. इथे सगळे म्हणजे मी एकटी.

"बा देवा म्हाराजा, माझ्या सुनेक भय वाटता, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

होकार चुकू नये म्हणून मी कान देऊन ऐकत होते. त्या नादात गडगा कधी मागे पडला ते कळलंच नाही.

मामा जाऊनही आता खूप वर्षं झाली. घरातली लग्नं, बाळंतपणं, इस्पितळं, सगळीकडे गाडी मीच नेली. आता आठवड्यातून दोनदा ह्यांना डायलिसिसला नेते. भय केव्हाच गेलं, पण कंबर धरते. मामांनी आणखी एकदा शेजारी बसावं आणि म्हणावं, "बा देवा म्हाराजा, हिका आता जरा मागच्या सीटवर निजांदे रे म्हाराजा."

होकार द्यायला मी एकटी पुरेन.