अतिकाला कोणी विचारलंच नाही

तळोद्याच्या बाजारात बांगड्या भरणारी चांदबी माझी शेजारीण. भांडायला उठली की तिच्यापुढे भलेभले गार. पण अपंग मुलांच्या त्या तपासणी शिबिरात तिने तोंड उघडलं ते नको तिथे, आणि मी, अपंग मुलांना शिकवणारा मास्तर, बाजूला उभा राहून शेळपटासारखा ऐकत राहिलो. त्याचा राग मला अजून येतो.

तिची मुलगी अतिका नऊ वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय कडक, उजवी मूठ आवळलेली, बोलणं सावकाश पण स्पष्ट. तिला जिथे घालायचं होतं त्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले होते, "स्वतःचं स्वतः किती करते ते शिबिरातून लिहून आणा, मग नाव घालू." असा कायदा कुठेही नाही. तरी आम्ही मुकाट्याने कागद आणायला गेलो.

तपासनीस तरुण, घाईतला. त्याने अतिकाला उंच खुर्चीवर बसवलं. पाय लोंबकळले, अंग ताठलं, समोरचे लाकडी ठोकळे हाताच्या धक्क्याने खाली गेले. त्याने मान हलवली आणि अतिकाला सोडून चांदबीला विचारलं, "घरी हाताने काय काय करते?"

"काहीच नही, सायेब. खावाडनं, पेवाडनं, कपडा घालनं, समदं मीच करस. तिले काडीले बी हात लावू देत नही."

साफ खोटं! अतिका घरी भिंतीला पाठ लावून बांगड्यांची मापं वेगळी करते, डझनाच्या माळा दोऱ्यात ओवते. पण चांदबी हे गल्लीत कोणाला दिसू देत नाही. दुखणाईत पोरीला राबवते असं बाया म्हणतील, ही धास्ती. आणि शिबिरात तर तिला वाटलं, जितकी माया दाखवू तितका कागद चांगला मिळेल.

तपासनिसाने लिहिलं, 'पूर्णपणे परावलंबी'. मी ते चांदबीला वाचून दाखवलं आणि सांगितलं, या दोन शब्दांवर शाळा हिला दारातूनच परत पाठवणार.

मग चांदबी पेटली. "खुडचीवर टांगी दिधं मन्ही पोरले! खाले बसाडा, मंग दखा!"

तिने अतिकाला उचलून फरशीवर भिंतीला टेकवून बसवलं. पिशवीतल्या बांगड्या समोर ओतल्या. कडक हात सैल करून बांगडी चढवणं हा तिचा रोजचा धंदा. अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून तिने उजवी मूठ सोडवली. अतिकाने त्या हातात दोरा धरला आणि डाव्याने बांगड्या ओवल्या. बरोबर बारा.

"फॉर्ममध्ये बांगड्यांचा रकाना नाही," तपासनीस म्हणाला.

आता माझंही डोकं फिरलं. "मग ज्याचा रकाना आहे ते विचारा ना! तिला विचारा!"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. अतिकाने दोन्ही हातांनी तो उचलला आणि प्यायली. निम्मं पाणी फ्रॉकवर गेलं.

"सांडलं," तो म्हणाला.

"तुम्हना शर्टवर चहाना डाग शे, तो कोनी सांडा?" चांदबी कडाडली.

खाडाखोड करून त्याने लिहिलं, 'बसायला आधार दिल्यास स्वतः पिते'. चांदबी तरी थांबेना. तपासनीस, मुख्याध्यापक, मी, सगळ्यांचा उद्धार करत ती पदराने अतिकाचं तोंड पुसायला गेली.

अतिकाने तिचा हात बाजूला सारला. "अम्मी, घर बी माले आसंच पिऊ दे. तू रोज ग्लास हिसकी लेस."

चांदबी पदर हातात धरून फरशीवर बसली.

"रोज घाई ऱ्हास, बेटा," एवढंच ती म्हणाली.