नायकसाहेबांचा चहा

ईशान, मीरा,

मागच्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो, तेव्हा मागच्या दारातून शालूताई ओरडली, "काकू, मी नाचणगावले जाऊन येते!" ती तिथे दर महिन्याला कशाला जाते, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते मला नीट सांगता आलं नाही. इथे क्रमाने लिहिते. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा.

नाचणगावला नायकसाहेब राहत. नायक हा फौजेतला हुद्दा, आडनाव नव्हे. पण बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत; शालूताई तेवढी 'फौजीभाऊ' म्हणायची. उंच, सडपातळ माणूस. शर्ट खोचलेला, बुटांना पॉलिश, मे महिन्यातही गळ्यात मफलर. कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणत, "बाई, चहा मांडा जरासा." ओळख असो वा नसो. मला पहिल्यांदा हा प्रकार उद्धट वाटला.

पुढे त्यांनीच कारण सांगितलं. फौजेतून पेन्शन बसायच्या आधीच परत आलेले अनेक जण असतात. आई-वडील, शेती, आजारपण, काहीही कारण. अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना म्हातारपणी, अडचणीत सरकारकडून मदत मिळू शकते. पण मागावी लागते, आणि तिथेच सगळं अडतं. "विचारलं तर कोणी खरं सांगत नाई, मॅडम," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे म्हणते. मग मी चहा मांगतो. चहा कधी खोटा बोलत नाई."

चहा कोरा आला की नायकसाहेब तो शेवटच्या घोटापर्यंत पीत आणि मग कागदपत्रांची गोष्ट काढत. दुधाचा आला की अर्धा पिऊन, कापसाबद्दल चार शब्द बोलून निघत. स्वतःच्या खर्चाने, पुलगावपर्यंत सायकलने आणि पुढे एसटीने, ते अशी घरं फिरत. त्यांना हे काम कुणी दिलेलं नव्हतं.

शालूताई आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहते, हे तुम्हाला माहीत आहे. तिचा नवरा असाच पेन्शनविना परतला होता आणि काही वर्षांत काविळीने गेला. ती ब्लाउज शिवायची, त्यात भागत नसे. नायकसाहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती मागच्या दाराने माझ्याकडे यायची. "काकू, दूध देता का जराक? फौजीभाऊ आले." मी छोट्या गंजात दूध द्यायची. इकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्या गंजाच्या काठावर तुमच्या आबांचं नाव कोरलेलं होतं. शेजारी गेलेलं भांडं घरी परत यावं म्हणून आपल्याकडे नाव घालायची पद्धत आहे.

एक-दोन वेळा नायकसाहेब तिच्याकडे अर्धा कप चहा पिऊन समाधानाने गेले. तिसऱ्या वेळी कप ठेवायला स्वतःच उठून मोरीपाशी गेले. मी मागच्या दारात उभी होते.

"शालूबाई, हा गंज कोनाचा?"

"माझाच."

"मालकाचं नाव कधी बदललं तुमच्या?"

शालूताई आधी लाल झाली, मग संतापली. "मी काय भीक मांगू का सरकारले? लोक काय म्हणतीन? फौजीची बायको अन् हात पसरून राह्यली!"

"भीक काऊन होईन? मालकाची राह्यलेली पगार समजा. ते घ्याले आले नाई, तुम्ही घ्या." मग कपाकडे बघून ते स्वतःशीच हसले. "चहानं फसवलं मले. इतकी वर्षं किती घरांतून मी असाच उठून आलो असन."

ते हसू फार टिकलं नाही. त्यानंतर ते दूधवाल्या घरांमध्येही पुन्हा जाऊ लागले. चहा मागत, आणि भांड्यावरचं नाव वाचत. शालूताईचा अर्ज त्यांनीच भरून घेतला. तिला मदत सुरू झाली, पण तिचा राग बरेच दिवस गेला नाही. त्यांना बघितलं की म्हणायची, "या, तपासणी करा!"

मग एका हिवाळ्यात ते यायचे थांबले. दोन महिने दिसले नाहीत, म्हणून शालूताई आणि मी एसटीने नाचणगावला गेलो. ते खाटेवर होते. मधुमेह होता, पायाला जखम झाली होती आणि पट्टी जुनी दिसत होती. "काही नाई, मॅडम. भरून राह्यली." त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी, चहा आणला. दाट, दुधाचा. त्यांनी तो मोठ्या अभिमानाने आमच्यासमोर ठेवला.

शालूताईने कप हातात घेतला नाही. ती उठून सरळ आत गेली आणि हातात एक गंज घेऊन बाहेर आली. काठावर शेजाऱ्यांचं नाव होतं.

"हा कोनाचा, भाऊ?"

नायकसाहेब भिंतीकडे बघू लागले. सरस्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग सगळं सांगितलं. इन्सुलिन महिनाभरापासून बंद होतं. पेन्शन त्यांनाही नव्हती. ते स्वतः पेन्शन बसायच्या आधीच फौजेतून परतले होते. हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

"तुमचा अर्ज कुठं आहे?" शालूताईने विचारलं.

"वाढणारा आधी जेवत नाई, शालूबाई."

"पंगत कधीच उठली. तुम्ही वाढूनच राह्यले. ताट कधी घेसान?"

"मले चांगलं नाई वाटत."

"मले वाटत होतं का? तुमचीच राह्यलेली पगार आहे म्हणा अन् सही करा. नाई तर मी गल्लीत जाऊन सांगते, की फौजीभाऊ उसन्या दुधाचा चहा पाजते."

ते खाटेवर उठून बसले. मग सरस्वतीबाईंना म्हणाले, "पेन देजो." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. हरलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि शालूताईने तो मुद्दाम बघितला नाही. ती पट्टी बदलायला लागली.

मदत मंजूर झाली, इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. पाय वाचला. नायकसाहेब पुन्हा फौजी ऐटीत घरं फिरू लागले, फक्त आता काठी घेऊन. मी एकदा विचारलं, आता कसं वाटतं? म्हणाले, "झोप लागते, मॅडम. लाज वाटते, पण झोप लागते." दोन वर्षांनी हृदयविकाराने गेले. अंत्ययात्रेत मी ज्यांना ओळखत नव्हते अशा कितीतरी बायका होत्या. त्या कोण, हे शालूताईला ठाऊक होतं.

आता सरस्वतीबाईंना नायकसाहेबांच्या नावाने मदत मिळते. दर महिन्याला शालूताई त्यांच्याकडे जाते, चहा मागते आणि दूध कुणाचं आहे ते बघते. वाटेत आणखी काही घरं घेते. आबांच्या नावाचा गंज तिच्याकडेच आहे.